चावीवाला

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकजालावर लिहावे, हा कित्येकांना आगाऊपणा वाटेल. पण माझा आत्येभाऊ ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये जालावर पहारा ठेवण्याची नोकरी करतो, आणि सुटीत शिवाजी पेठेत आला की आमच्या माडीवर मध्यरात्रीपर्यंत त्याचे प्रवचन चालते. त्यातले मला उमगले तेवढे सांगतो.

आमच्या गल्लीत पाणी सोडायला चावीवाला येतो. कोणत्या गल्लीला किती वेळ, हा सगळा हिशेब त्याच्या डोक्यात. जुने जाल असेच होते. निरोपाचे तुकडे पुढे ढकलणारे हात आणि ते कुठे ढकलायचे हे ठरवणारी बुद्धी, दोन्ही राउटर नावाच्या एकाच डब्यात. शंभर डबे म्हणजे शंभर चावीवाले! 2008 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील मंडळींनी 'ओपनफ्लो' मांडले. बुद्धी डब्यातून काढून एका मध्यवर्ती नियंत्रकाकडे द्यायची. डब्याने हुकूम पाळायचा. आपली डेटा सेंटरे जोडणारे जाल याच रीतीने चालते, असे गूगलने 2012 साली जाहीर केले. क्लाउडचा पसारा वाढला तो अशा सोयींवर. 2016 साली ॲमेझॉनने मुंबईत आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. आता पेठेतला एखादा दुकानदारही घरबसल्या तिथला संगणक तासावर भाड्याने घेऊ शकतो. त्याच्यासाठी कोणी नवी तार ओढत नाही, त्याचे जाल आज्ञेनेच आखले जाते. (नाव ढगाचे, पण राहणे सिमेंटच्या इमारतीत, आणि विजेची भूक राक्षसाची.)

मात्र हुकूम एका ठिकाणाहून सुटू लागला की चूकही तिथूनच सगळीकडे पोचते. 4 ऑक्टोबर 2021 ची रात्र आठवा. नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप मुके झाले आणि जो तो आपल्याच मोबाईलवर संशय घेऊ लागला. घडले होते ते असे: नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका आज्ञेने फेसबुकच्या डेटा सेंटरांना जोडणारा कणाच तुटला. चुकीची आज्ञा अडवण्यासाठी ठेवलेल्या प्रोग्राममध्येही दोष निघाला. दुरुस्तीची हत्यारे त्याच तुटलेल्या जालावर! अखेर अभियंत्यांना प्रत्यक्ष इमारतींत जावे लागले. यात सुमारे सहा तास गेले.

पहाऱ्याचे महत्त्व कोल्हापूरकरांना शिकवायला नको. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे इथे शेंबडे पोरही सांगते. पूर्वी पहारेकरी संगणक दर पाच मिनिटांनी प्रत्येक यंत्राला 'बरा आहेस ना?' विचारी. आता यंत्रेच आपली नाडी अखंड कळवत राहतात. त्या ओघातून खरा धोका निवडायला माणूस अपुरा पडतो, म्हणून तेही काम प्रोग्रामकडे चालले आहे.

"रात्रपाळीला आम्ही सहा जण होतो, आता दोघंच," दादा म्हणाला.

"मग तुम्ही दोघं तरी कशाला?"

"मुख्य वाट तुटली तर आत शिरायला एक वेगळी लाईन असते. महिन्यातून एकदा रात्री मुख्य वाट मुद्दाम तोडून ती तपासायची. ती तोडायची परवानगी अजून प्रोग्रामला दिलेली नाही."

एवढे बोलून त्याने दिवा मालवला.