विहिरीत सोडू नकोस

मुरुड, जि. लातूर
९ जून

चि. बापू,

काल फोनवर म्हणालास, कासव टाकीत मावेना, येताना घेऊन येतो आणि शेतातल्या विहिरीत सोडतो. तुझी छकुली शेजारीच होती, म्हणून मी तेव्हा बोलले नाही. तसं करू नकोस. आपल्या विहिरीला उभा दगडी काठ. कासवाला रोज पाण्याबाहेर येऊन अंग शेकावं लागतं, तिथं त्याला बसायला जागाच मिळायची नाही.

तावरजा नदीत तर मुळीच नको. ती मुरुडजवळच उगम पावते, शिवणीपाशी मांजरेला मिळते आणि मांजरा पुढं गोदावरीला. तुझं लाल कानाचं कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. दुकानात रुपयाएवढं दिसतं, पण मादी वाढून २५-३० सेंटीमीटरची होते आणि नीट ठेवलं तर तीस वर्षंही जगते. हौस फिटली की लोक तळ्यात सोडतात. मग ते तिथल्या कासवांच्या उन्हाच्या जागा बळकावतं, खाणं पळवतं, नवे रोग आणतं. जगातल्या सगळ्यांत उपद्रवी १०० आगंतुक जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपनं १९९७ मध्ये त्याची आयातच बंद केली.

आपल्या तळ्यांतलं कासव अगदी निराळं. पाठ कातडीची, मऊ. मागचे पाय आत घेतले की त्यांवर झाकणं पडतात. तळं आटलं की ते चिखलात गाडून घेतं आणि पावसाची वाट बघतं. २०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे मुरुडवरूनच जायची, आठवतं ना? असल्या दुष्काळी मुलखात टिकायची विद्या या जीवाकडे आहे. त्याच्या वाट्याला परका दांडगट आणून ठेवायचा, हे मला सहन होणार नाही. आणि हे आपलं कासव कुणी हौसेनं घरी पाळू म्हणेल तर तेही नाही. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहे, पाळलं तर तीन ते सात वर्षांची कैद.

तेव्हा तुझं तू सांभाळ. मोठी टाकी घे, नाहीतर गच्चीवर सावली असलेला हौद बांध. पाण्याबाहेर कोरडी वीट हवी. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही. हाडाकवचाला लागणारे किरण काच अडवते, म्हणून खास दिवा लाव किंवा सकाळचं उघडं ऊन दे. नुसत्या सुक्या कोळंबीवर ठेवलंस तर डोळे सुजतात, कवच मऊ पडतं. लाल भोपळ्याचा कीस, पाणवनस्पती, अधूनमधून बारीक मासा दे. पालक रोज नको. बदललेलं पाणी फुलझाडांना घाल, स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नकोस. हात लावला की छकुलीचे हात साबणानं धू. कासवाच्या अंगावर साल्मोनेला असतो. त्यामुळं लेकरं आजारी पडत म्हणून अमेरिकेनं १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांची विक्री बंद केली. अगदीच जमेना तर वनविभागाला किंवा प्राणी वाचवणाऱ्या संस्थेला विचार.

छकुलीला बरणीत बेडूकही हवाय म्हणे. तो नको. बेडूक कातडीनंही श्वास घेतो, कातडीनंच पाणी पितो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि आपल्या हातावरचं मीठ-साबण थेट त्याच्या अंगात जातं. आमच्या लहानपणी पाऊस ओढला की पोरं मुसळाला बेडूक बांधून धोंडी काढायची. दारोदार त्याच्यावर पाणी पडायचं, तरी संध्याकाळपर्यंत तो मलूल व्हायचा. मला ते तेव्हाही बघवत नव्हतं. पुढं परदेशात तंगड्या पाठवायला देशभर पोत्यांनी बेडूक धरले गेले. १९८७ मध्ये सरकारनं ती निर्यात थांबवली. पिकावरची कीड खाणारा हा जीव, शेतकऱ्याच्या घरात तरी त्याचा मान असावा.

तिला बेडूक दाखवायची जबाबदारी माझी. मृग चांगला पडला की मोठे नर बेडूक हळदीसारखे पिवळे होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे येतात. हा रंग थोडेच दिवस टिकतो, म्हणून सुट्टी पुढं ढकलू नकोस. पहिला मोठा पाऊस झाला की फोन करते, त्याच रात्रीच्या गाडीनं निघा. कासवाला शेजाऱ्यांकडे ठेवून या. येताना मोठी बॅटरी आण, बांधावर रात्री लाईट नसते, आणि छकुलीचे गमबूट विसरू नकोस.

तुझी
आत्या