बुखल एटिव्ह मोर : उन्हाळ्यातली एकट्याची चढाई

बुखल एटिव्ह मोर हा स्कॉटलंडमधील ग्लेन्को खोऱ्याच्या पूर्व टोकाचा डोंगर. स्टॉब जॅरग हे त्याचे सर्वांत उंच शिखर १०२१ मीटर आहे. रॅनॉक मूरच्या सपाट पाणथळीतून ते एकदम वर उठते. ए ८२ रस्त्यावरून ते सुळक्यासारखे दिसते आणि तिथे पायी जाता येत असेल यावर विश्वास बसत नाही. वाट आहे, पण ती समोरच्या कड्यातून नाही. उत्तरेकडच्या, हिमनदीने कोरलेल्या कॉरी ना तुलाख नावाच्या खोलगट भागातून ती वर जाते. पायथ्यापासून माथा जेमतेम तीन किलोमीटर. तेवढ्यात सुमारे ७०० मीटर चढायचे असतात.

आल्टनाफेला रस्ता सोडला की कूपल नदीवरचा पूल आणि लागनगार्व्हची पांढरी झोपडी लागते. पुढे दिशादर्शक पाट्या नाहीत, आणि हे मुद्दाम आहे. १९३७ मध्ये ही जमीन नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आली. ती घेण्यासाठी पैसा उभा करणाऱ्या पर्सी उना यांचा आग्रह होता, की डोंगर चढायला सोपे किंवा सुरक्षित करू नयेत. गर्दीने झिजलेल्या वाटेवर पुढे दगड बसवावे लागले, तरी उना यांचे म्हणणे एकट्या माणसाला इथे मनापासून पटते. नकाशा आणि होकायंत्र त्याच्याजवळ असतात, निर्णय त्याने स्वतःच घ्यायचा असतो.

कॉरीत, म्हणजे त्या खोलगट भागात, शिरल्यावर पहिला तासभर वाट ओढ्याच्या काठाने, हेदर आणि ब्लेबेरीच्या झुडपांतून जाते. जूनमध्ये वारा पडलेला असेल तर मिज नावाच्या बारीक किड्यांचे थवे थांबलेल्या माणसावर तुटून पडतात. त्यामुळे दम लागला तरी पाय चालतेच ठेवावे लागतात. वर जाऊ तसे दोन्ही बाजूंचे कडे जवळ येतात, झुडपे संपतात आणि घसारा सुरू होतो. हाच या चढाईचा खरा भाग. पाऊल टाकले की खडे सरकतात. घसाऱ्याच्या मधून जाण्यापेक्षा कडेच्या पक्क्या खडकाला हात लावत चढणे बरे, आणि शेवटच्या टप्प्यात तर हात वापरावेच लागतात. खडक तांबूस रायोलाइटचा आहे. सह्याद्रीचा बेसॉल्ट पातळ लाव्ह्याच्या थरांतून बनला, म्हणून त्याला पायऱ्या पडतात. ग्लेन्कोचा ज्वालामुखी सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचा लाव्हा घट्ट होता आणि त्याचे कडे उभ्या भेगांनी चिरलेले आहेत. बेसॉल्टवर सरावलेल्या पायाला इथे सपाट टप्पा शोधावा लागतो.

सुमारे ८७० मीटरवर खिंड येते आणि कॉरीतल्या कोंडलेल्या हवेनंतर वारा थेट अंगावर येतो. घामाने भिजलेला सदरा क्षणात गार पडतो. भर उन्हाळ्यातही लोकरी टोपी लागते ती इथे. जूनमधल्या एका चढाईत खिंडीच्या वर सगळा ढग होता. अशा वेळी एकट्याच्या मदतीला येतो तो उजेड. या दिवसांत सूर्य साडेचारच्या सुमारास उगवतो आणि रात्री दहापर्यंत मावळत नाही. म्हणून खडकाच्या आडोशाला बसून वाट पाहता येते. घाई करायला कोणी नसते, धीर द्यायलाही नसते. ढग उचलला तो अर्ध्या तासाने, आणि मगच पूर्वेकडच्या दगडाळ धारेवर पाऊल टाकले गेले.

माथ्याच्या पूर्वेला जमीन संपल्यासारखी वाटते आणि खाली रॅनॉक मूरची शेकडो डबकी चमकतात. पलीकडे शिहॅलियन दिसतो. या डोंगराच्या ओढीने ओळंब्याची दोरी किती ढळते ते १७७४ मध्ये नेव्हिल मॅस्केलिन यांनी मोजले आणि त्यावरून पृथ्वीच्या घनतेचा अंदाज बांधला गेला. उत्तरेला बेन नेव्हिस. इतके मोकळे दृश्य ग्लेन्कोच्या फार थोड्या शिखरांवरून मिळते.

उतरताना अधिक सावध राहावे लागते. माथ्यावरून पश्चिमेकडे खिंडीपर्यंत परत येऊन मगच उत्तरेला कॉरीत वळायचे. धुक्यात लवकर वळले तर पाय कड्यांच्या घळींत जातात. पायांत बळ असेल तर धारेने पुढे ९५६ मीटरच्या स्टॉब ना ब्रोगेपर्यंत जाऊन, थोडे मागे येऊन, लारिग गार्टन खोऱ्यात उतरता येते. ती फेरी सुमारे १३ किलोमीटरची होते. शेवटचे अंतर ओल्या पीटमधून, बूट रुतवत कापायचे असते. रस्त्याला लागल्यावर, निघताना ज्याला परतीची वेळ सांगून ठेवली असेल त्याला पोहोचल्याचा निरोप द्यायचा. निरोप वेळेत गेला नाही, तर बचाव पथकाला कळवण्याची जबाबदारी त्या माणसावर येते.