नऊ नव्हे, एक

दिमोनातल्या त्या घरात वीज गेली, परत आली आणि त्या धक्क्यात जुना राऊटर जळाला. आजींच्या मुलाने चार दिवसांनी दुकानातून नवा आणला. जुन्यातल्या केबल काढून त्यात खोचल्या, टॅबवर राऊटरचं नाव शोधलं, खोक्यावर छापलेला सिस्मा म्हणजे पासवर्ड घातला. जोडणी झाल्याची खूण आली. "झालं," म्हणून तो रात्रपाळीला गेला. झालं काहीच नव्हतं. टॅबवर वाय-फायची खूण होती, पण इंटरनेट नव्हतं.

दुसऱ्या कुणी चार दिवस दम धरला असता. आजींना ते शक्य नव्हतं. ठाण्याला त्यांचे थोरले भाऊ आहेत आणि दर शुक्रवारी दोघं बोलतात. दादांना आता जवळजवळ ऐकू येत नाही. साध्या फोनवर ते नुसतं "हॅलो, हॅलो" करत राहतात. टॅबवर बहिणीचे ओठ दिसतात, ओठांवरून ते मराठी बरोबर ओळखतात. त्यातही वेळ ठरलेली. हिवाळ्यात ठाण्याचं घड्याळ इस्रायलच्या साडेतीन तास पुढे असतं. तिकडे शब्बाथचे दिवे पावणेसहाच्या सुमारास लागतात, म्हणजे दिमोनातले सव्वादोन. त्यानंतर दादा टॅबला हात लावत नाहीत. गेला शुक्रवार असाच हुकला होता.

नातू लष्करातून सुट्टीवर आला तेव्हा अकरा वाजले होते.

"आजी, माझ्या फोनवरून इंटरनेट देतो. बेसेदेर?"

"आज देशील. रविवारी तू तळावर गेलास की तुझा फोनही जाईल. मग?" आजी म्हणाल्या. "आधी हे बघ. दोन वाजेपर्यंत नाही झालं, तर तुझा फोन."

नातवाने आधी एक गोष्ट समजावली, कारण बहुतेकांची गल्लत तिथेच होते. वाय-फाय हा राऊटर आणि टॅब यांच्यातला, घरातल्या घरातला दुवा. बाहेरून राऊटरला काहीही मिळत नसलं तरी तो टॅबला जोडून घेतोच.

"म्हणजे मोरीतला नळ ठीक आहे, विहिरीवरचा पंप बंद," आजी म्हणाल्या.

नातवाला यातले नळ आणि पंप कळले, मोरी आणि विहीर कळली नाही. पण आजींनी नेमकं तेच सांगितलं होतं, आणि शोधायचं ते विहिरीच्या बाजूनेच.

काचेचा बारीक धागा भिंतीतून घरात येतो तिथे फायबरची एक लहान पांढरी पेटी असते. तिच्यावरचा 'पॉन' नावाचा दिवा स्थिर हिरवा होता आणि 'लॉस'चा लाल दिवा विझलेला. लाल लागला असता तर दोष फायबरमध्ये, मग राऊटरशी कितीही खटपट करून उपयोग नाही. इथवर सगळं ठीक होतं. मग सापडली पहिली चूक. राऊटरच्या मागे एकसारखी चार भोकं होती, ती घरातल्या यंत्रांसाठी. मुलाने फायबरच्या पेटीची केबल त्यांतल्याच एकात घातली होती. ती जायला हवी पाचव्या, 'वॅन' लिहिलेल्या भोकात. नातवाने ती बदलली, दोन्ही पेट्या बंद केल्या, आधी फायबरची सुरू केली, तिचे दिवे स्थिरावल्यावर राऊटर. तरी इंटरनेटचा दिवा नारिंगीच.

आता कारण लक्षात आलं. त्या घराच्या जोडणीला नाव आणि सिस्मा लागतो. हा सिस्मा वाय-फायचा नव्हे, कंपनीशी ओळख पटवायचा. कंपनीने दिलेल्या राऊटरमध्ये तो आधीच भरलेला असतो, दुकानातल्या राऊटरचं पोट रिकामं. टॅबवर १९२.१६८.१.१ लिहिलं की राऊटरचं पान उघडतं, त्यात पीपीपीओई निवडलं की दोन रिकामे चौकोन येतात. त्यात भरायचं काय? जुना राऊटर ते घेऊनच जळाला होता. कंपनीच्या फोनवर वीस मिनिटं गाणं वाजलं, मग शुक्रवारची वेळ संपल्याचा निरोप आला.

आजी उठल्या आणि आजोबांची हिशेबाची वही घेऊन आल्या. आजोबांना जाऊन दोन वर्षं झाली. ते हिब्रू झकास बोलायचे, पण घाईत लिहायचं झालं की हात देवनागरीकडेच वळायचा. फायबर आलं तेव्हा कंपनीचा माणूस फोनवर एकेक अक्षर सांगत गेला असणार आणि यांनी ते तसंच उतरवलं. शेवटच्या पानावर, गॅसच्या तारखांखाली: 'छोटा के, मोठा टी, छोटा आर...' आणि एका शून्याशेजारी 'ओ नव्हे'.

नातवाला देवनागरी वाचता येत नाही. आजी अक्षरं वाचत गेल्या, तो लिहीत गेला. शेवटी तीन आकडे होते. "आकडे मला दिसतात, ते मी घालतो," तो म्हणाला.

राऊटरने नकार दिला. नातवाने छोटी-मोठी अक्षरं तपासली, शेवटी चुकून मोकळी जागा पडली का ते पाहिलं, पुन्हा घातलं. पुन्हा नकार. एक वाजून गेला होता. कंपनीने सिस्मा बदलला असणार, असं म्हणून त्याने स्वतःचा फोन काढलाच.

"तू काय लिहिलंस ते दाखव," आजी म्हणाल्या. त्याने डोळ्याची खूण दाबली, टिंबांच्या जागी अक्षरं आली. आजींनी चष्मा लावला, वहीवर बोट ठेवलं.

"आठ, नऊ, शून्य? हे कुठून आणलंस?"

"इथे तेच आहे."

"अरे बाळा, हा चार. आणि हा नऊ नव्हे, एक!"

वहीत ४१० होतं. देवनागरी चार इंग्रजी आठासारखा, एक नऊसारखा. शून्य तेवढं दोन्हीकडे शून्य. नातवाने दोन आकडे बदलले. अर्ध्या मिनिटात दिवा हिरवा झाला.

दोनला पंधरा मिनिटं कमी असताना दादांचा चेहरा दिसला. आजींनी बोटं काचेला लावून स्वतःच्या ओठांना लावली, तिकडून दादांनी तसंच केलं.

"मागच्या शुक्रवारी मला वाटलं, रुसलीस," दादा म्हणाले.

"राऊटर जळला रे," आजी तोंड मोठं करून म्हणाल्या.

"काय जळलं? कालवण?"

दिव्यांची वेळ होईपर्यंत दोघं बोलत राहिली. मग नातवाने टॅब घेऊन घरभर फिरून पाहिलं. ममादमध्ये, जिथे आजी झोपतात, लहरी फार क्षीण. ती खोली रॉकेटपासून वाचायला जाड काँक्रीटची आणि लोखंडी दाराची, लहरींनाही ती अडवणारच. त्याने टॅब २.४ गिगाहर्ट्झवर लावला, त्या लहरी भिंतीतून ५ गिगाहर्ट्झपेक्षा बऱ्या जातात, आणि दार उघडं ठेवायला सांगितलं.

नवं नाव आणि सिस्मा त्याने एका कागदावर लिहून राऊटरच्या बुडाला चिकटवायला घेतला. आकडे देवनागरीतही लिही, असं आजींनी सांगितलं. चार लगेच जमला. एकाची शेपटी तीनदा उलट्या बाजूला गेली. चौथ्यांदा आजींनी त्याचा हात धरला.