दक्षिण गंगोत्रीचं दार उघड

गुढियारी, रायपूर

प्रिय सोनू,



तुझ्या गेमचा आराखडा मिळाला. सैबेरियातलं ओसाड गाव, हिमवादळ, चर्चच्या तळघरात दडलेला पांढऱ्या डोळ्यांचा राक्षस आणि त्याच्यापासून पळत सुटलेला इव्हान. चित्रं देखणी आहेत. बर्फात उमटलेल्या पावलांच्या खळग्यांत तू निळसर सावली धरली आहेस, ती मला फार आवडली. पण तू मत विचारलं आहेस आणि हा गेम उभा राहावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून आधी नको ते सांगून टाकते. राक्षस काढून टाक. आणि इव्हानला त्याच्या घरी जाऊ दे.

मी क्लासमध्ये मुलांना टायपिंग आणि टॅली शिकवायची त्या काळात रात्री सगळं आवरलं की 'क्रायोस्टॅसिस' खेळत बसायची. कीव्हच्या ॲक्शन फॉर्म्स या कंपनीनं केलेला हा गेम २००८च्या अखेरीस रशियात आला आणि पुढच्या वर्षी बाहेर. तुझ्या पिढीतल्या फार कमी जणांनी तो खेळला असेल. गोष्ट १९८१ सालची. अलेक्झांडर नेस्तेरोव्ह नावाचा हवामानशास्त्रज्ञ उत्तर ध्रुवाजवळ 'नॉर्थ विंड' नावाच्या अणुशक्तीवर चालणाऱ्या बर्फफोड्या जहाजापाशी पोचतो. जहाज बर्फात रुतलेलं, आतली माणसं गोठून मेलेली, काही तर माणूसपण हरवून बसलेली. राक्षस त्यातही आहेत, हे मान्य. पण मला आठवतो तो एक दिवा.

या गेममध्ये रक्ताची बाटली नाही, औषधाची पेटी नाही. अंगातली ऊब हाच जीव. लढाईत मार बसला की ऊब जाते, नुसतं गार खोलीत उभं राहिलं तरी जाते. मग शोधायचं काय, तर शेगडी, तापलेली मोटर, भिंतीवरचा पेटता बल्ब. बल्बपाशी दोन्ही हात धरून उभं राहायचं आणि काटा हळूहळू चढताना बघायचा. साधा बल्ब असेल तर थोडीशीच ऊब मिळते, भट्टी असेल तर भरपूर. एखाद्या खोलीतली यंत्रं सुरू केली की भिंतीवरचा बर्फ वितळून पाणी ओघळायला लागतं, पोलाद काळं दिसू लागतं, मघाशी पांढऱ्या थडग्यासारखी वाटलेली ती जागा माणसांची होते. त्या काळच्या मानानं हे पाणी आणि बर्फ त्यांनी फार मेहनतीनं केलं होतं, आणि साध्या मशीनचा त्यात जीव जायचा. पण खरी कमाल चित्राची नव्हती. खेळणारा माणूस पिवळ्या बल्बकडे आशेनं बघायला लागतो, ही कमाल होती. हातात असते ती मोसिन रायफल, एक गोळी झाडली की बोल्ट ओढून दुसरी चढवायची, तोवर समोरचा अंगावर येतो. पण त्या क्षणीही मनात हिशेब चालू असतो तो उबेचाच: ही लढाई जिंकली तरी पुढच्या दिव्यापर्यंत पोचेन का?

तुझ्या आराखड्यात थंडी आहे ती पडद्यासारखी, मागे टांगलेली. वादळ सुटतं, बर्फ पडतो, आणि इव्हान शर्टाच्या बाह्या सरसावून पळतो. थंडी माणसाचं काय करते ते एकदा नीट वाच. शरीर ३७ अंशांवरून ३५च्या खाली गेलं की हात ऐकेनासे होतात, बटण लागत नाही, काडी पेटत नाही. ३२च्या आसपास कुडकुडणं थांबतं, आणि ते थांबणं हेच सगळ्यात वाईट लक्षण, कारण शरीरानं झगडणं सोडलेलं असतं. पुढे बुद्धी जाते. काही जणांना शेवटी उकडायला लागल्याचा भास होतो आणि ते अंगावरचे कपडे काढून फेकतात. आता सांग, पांढऱ्या डोळ्यांच्या राक्षसाची गरज कुठे आहे? तुझ्या इव्हाननंच वादळात कोट काढायला सुरुवात केली आणि खेळणाऱ्याच्या हातातली बटणं ते थांबवू शकली नाहीत, तर तो प्रसंग मला झोपू देणार नाही.

'क्रायोस्टॅसिस'मधली दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. नेस्तेरोव्हला गोठलेल्या माणसाच्या आठवणीत शिरता येतं. तो खलाशी मरायच्या आधी नेमकं काय करत होता, कुठे घाबरला, कुठे उशीर झाला, ते त्याच्याच डोळ्यांनी बघायचं आणि त्याच्याकडून राहून गेलेलं ते एक काम नीट करायचं. जमलं तर बाहेर आल्यावर वाट मोकळी झालेली असते, तिथलं प्रेत कधी कधी तिथे नसतंच. भयकथेत मेलेली माणसं सहसा आपल्याला घाबरवायला असतात. इथे मेलेल्या प्रत्येकाचं आपण काही देणं लागतो. मध्ये मध्ये मॅक्सिम गॉर्कीच्या दान्कोची गोष्ट उलगडत जाते: अंधाऱ्या रानातून आपल्या लोकांना बाहेर काढण्यासाठी स्वतःचं पेटतं हृदय उपसून हातात धरणारा दान्को. जहाजावरच्या कप्तानाची आणि त्याच्यावर उलटलेल्या माणसांची कहाणी तिच्या शेजारी ठेवलेली आहे. शेवट सांगत नाही. गेम पुढे दुकानांतून काढून टाकला गेला, पण माझ्याकडे जुनी डिस्क आहे. चालते का ते बघू.

या वाटेवरचे बाकीचे गेम तुला माहीत असतील. 'पेनम्ब्रा'ची सुरुवात ग्रीनलँडच्या बर्फात होते, पण लगेच तो खाणीत उतरतो आणि थंडी विसरतो. 'द थिंग'मध्ये शेजारचा सोबती माणूस उरलाय की नाही हा संशय आहे, अंटार्क्टिकाला तो फार शोभतो. कॅनडाच्या 'द लाँग डार्क'नं भुतंखेतं पार वगळली. लांडगे, भूक, ओले मोजे आणि मावळत जाणारा दिवस एवढ्यावर माणसं शेकडो तास खेळली. मला तो 'द थिंग'पेक्षा मोठा वाटतो.

तू म्हणशील, मावशी रायपूरला बसून बर्फाच्या गोष्टी सांगते. खरंच आहे. आमच्याकडे थंडी म्हणजे मैनपाटला आणि चिल्फीला गोठणारं दव, तेही पेपरातल्या फोटोत. पण मे महिन्यात ४४-४५ अंशांत दुपारी लाईट गेली की गुढियारीत काय होतं ते तू सुट्ट्यांमध्ये पाहिलं आहेस. कूलरचा पंखा गरगरत थांबतो, खसाच्या पडद्याचं पाणी तासाभरात सुकतं, पलंगावरच्या म्हाताऱ्या माणसाच्या कपाळावर ओला टॉवेल ठेवून सगळे जण मीटरकडे बघत बसतात. रस्त्यावर चिटपाखरू नसतं, घाऊक बाजाराची शटरं अर्धी ओढलेली असतात. आणि पावसाळ्यात अंडरब्रिजमध्ये पाणी भरलं की स्टेशनच्या पलीकडे जायची जवळची वाट बंद. एक गरज, ती पुरवणारं एक यंत्र, आणि बाहेर पडायची एकच वाट: भीतीला एवढं पुरतं. ही भीती तुला परक्या देशातून आणायची गरज नाही, ती तुला लहानपणापासून ओळखीची आहे.

आणि जागा? जागाही आपली आहे, तीच सांगण्यासाठी मुळात हे पत्र लिहायला घेतलं.

नेस्तेरोव्हची गोष्ट जेव्हा घडते त्याच १९८१ साली, ६ डिसेंबरला, 'पोलर सर्कल' हे नॉर्वेचं भाड्यानं घेतलेलं जहाज गोव्याहून निघालं. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण, मोहीम गुप्त. ९ जानेवारी १९८२ला ते अंटार्क्टिकावर उतरले. दोन वर्षांनी तिसरी मोहीम गेली, तिनं तिथे भारताचं पहिलं केंद्र उभं केलं, दक्षिण गंगोत्री. त्याच मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता आणि अदिती पंत होत्या, भारताच्या अंटार्क्टिका मोहिमेवर गेलेल्या पहिल्या स्त्रिया. अदिती पंत नागपूरच्या, आमच्यापासून गाडीनं काही तासांवरच्या. पुणे विद्यापीठात शिकल्या, पुढे हवाई आणि लंडन करून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आल्या. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती हा त्यांचा विषय. तुझ्या इव्हानच्या जागी नागपूरची समुद्रशास्त्रज्ञ उभी करून बघ. त्यांचं आयुष्य उचलू नकोस, ते त्यांचं आहे. पण अशी बाई त्या बर्फावर होती, हे माहीत असलं की तुझा हात बिचकणार नाही.

दक्षिण गंगोत्री खडकावर नव्हती. समुद्रावर तरंगणाऱ्या हिमस्तराच्या पाठीवर ती बांधलेली होती. तिथे हिवाळा काढायला पहिल्यांदा बारा जण राहिले. जहाज गेलं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कोणी येणार नाही, मध्ये दोनेक महिने सूर्य क्षितिजावर येतच नाही. वाऱ्यानं वाहून आणलेला बर्फ दर वर्षी चढत गेला आणि केंद्र त्याखाली जात राहिलं. १९९०मध्ये ते बंद करावं लागलं. त्याआधीच शिर्माकर टेकड्यांतल्या खडकावर मैत्री हे नवं केंद्र उभं राहिलं होतं. पहिली वास्तू बर्फाच्या पोटात राहिली. सोनू, जगातल्या कुठल्या लेखकाला अशी जागा आयती मिळते? आणि तू सैबेरियात चर्च शोधते आहेस.

त्या केंद्रात टपाल कार्यालय होतं, हेही तुला सांगायला हवं. १९८४ साली सुरू झालं, कारभार गोव्याच्या टपाल विभागाकडे, आणि पहिल्याच वर्षी जवळपास दहा हजार पत्रांवर तिथले शिक्के बसले. आता अंटार्क्टिकातल्याच आपल्या भारती केंद्रातही २०२४च्या एप्रिलमध्ये टपाल कार्यालय उघडलं आहे, पिन कोड एमएच-१७१८. अंटार्क्टिकातल्या पत्त्यावर महाराष्ट्राची अक्षरं! तुझ्या गेममध्ये खेळणाऱ्याला माहिती द्यायला भिंतीवर रक्तानं लिहिलेले निरोप नकोत. पत्रांचं पोतं ठेव. शिक्का बसलेली, पण जहाज चुकलेली पत्रं. आईला, बायकोला, शाळेतल्या मित्राला लिहिलेली. कुणी मल्याळममध्ये, कुणी हिंदीत, कुणी मराठीत. त्यांत कुठेतरी जनरेटरचा आवाज बदलल्याचा उल्लेख येऊ दे, तोही सहज, घरच्यांना काळजी वाटू नये अशा बेतानं लिहिलेला.

खेळाचा कणा मी असा करीन. केंद्र बर्फाखाली, वर जायला उभी चिमणीसारखी वाट आणि लोखंडी शिडी. खाली जनरेटर, इंधन मोजकं. जनरेटरचा धूर बाहेर जायचा पाइप सारखा बर्फानं बुजतो. वर जाऊन तो मोकळा करायचा तर अंगातली ऊब जाते. नाही केला तर खाली उबदार राहतं आणि हळूहळू डोकं दुखायला लागतं, पडद्याच्या कडा मऊ होतात, खूप झोप येते. ऊब देणारं यंत्रच जीव घेतं. 'क्रायोस्टॅसिस'मध्ये आग ही नेहमी मित्र होती. इथे तिच्यावर पहारा ठेवावा लागेल, आणि माझ्या मते तुझा गेम तिथे त्याच्या पुढे जाईल.

हे कल्पनेतलं नाही, म्हणून इथे एक बंधन घालते. आपल्या नवव्या मोहिमेतले चार जण तंबूत साचलेल्या कार्बन मोनॉक्साइडनं गेले. या वायूला वास नसतो, रंग नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. त्या चौघांची भुतं करायची नाहीत. त्यांची नावं, चेहरे, घरं यांतलं काही वापरायचं नाही. त्यांची माणसं इथेच, आपल्या देशात आहेत. तुझी सगळी पात्रं, सगळे प्रसंग तुझेच असू देत. पण धुराचा पाइप मोकळा करायला खेळणारा शिडी चढेल तेव्हा त्याला ते काम महत्त्वाचं वाटलं पाहिजे, एवढं ऋण तू फेडायला हवंस.

आवाजाबद्दल थोडं. ताजा बर्फ आवाज पिऊन टाकतो, म्हणून पार्श्वसंगीत जवळजवळ काढूनच टाक. वर वारा, खाली यंत्र. हिमस्तर सरकताना जो करकर आवाज येतो तो क्वचितच वापर. आणि जनरेटर बंद पडल्यावरची शांतता पुरेशी लांब ठेव. घाई करू नकोस. माणसं एकमेकांशी बोलतील ती आपल्या मोहिमांवर बोलतात तशीच बोलू देत: हिंदी, मध्येच मराठी, मध्येच मल्याळम, कामापुरतं इंग्रजी. स्वयंपाकघरात डाळ शिजते आहे, कुणीतरी फोडणीला हिंग शोधतंय, आणि हिंगाची डबी जिच्या बंकवर सापडते ती काल रात्रीपासून खाली आलेली नाही. तुला हे तुझ्या आजोळच्या घरातून येईल, रशियन सिनेमातून नाही.

भांडवल नाही म्हणून राक्षस ठेवते, लोकांना तेच हवं असतं, असं तू मागे म्हणाली होतीस. मला ते पटत नाही. राक्षसाचं अंग, त्याच्या हालचाली, त्याचे हल्ले यांवर तुझे महिने जातील आणि मोठ्या कंपन्यांसमोर तो कच्चाच दिसेल. एक शिडी, पाच खोल्या, एक जनरेटर आणि पत्रांचं पोतं तुला एकटीला झेपेल. जे झेपतं ते पूर्ण कर.

तुला पुण्याहून गोव्यातल्या वास्कोला जायला एक रात्र लागते. तिथे सडा भागात राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. आपल्या मोहिमा तेच पाठवतात. रीतसर पत्र लिही, परवानगी माग, जुन्या मोहिमांचे अहवाल आणि दक्षिण गंगोत्रीचे नकाशे बघायला मिळतात का ते विचार. हिवाळा काढून आलेलं कुणी भेटलं तर भीतीबद्दल विचारू नकोस, दिवसभराच्या कामांबद्दल विचार. भीती त्यातच सापडेल. प्रवासाचे पैसे मी पाठवते, त्यावरून आईशी वाद नको. चालेल असा पहिला भाग दिवाळीपर्यंत माझ्याकडे पाठव, शिडी आणि पाइप एवढाच असला तरी चालेल.

तुझी,
मावशी