स्कायलॅब पडली, आम्ही वाचलो

वसतिगृहातील एखादी आठवण स्मरणिकेसाठी लिहून द्यावी, असा संपादक मंडळाचा निरोप आला आणि आम्ही माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. पाचवीत प्रवेश घेताना वडिलांनी घेऊन दिलेली ही पेटी. झाकण उघडले, तर आतून खळीने चिकटवलेले वर्तमानपत्र अजून शाबूत! रंग चहासारखा झालेला, कोपरे झुरळांनी खाल्लेले. परंतु तारीख स्वच्छ वाचता येते : गुरुवार, १२ जुलै १९७९. इतिहासाच्या शिक्षकाला आणखी काय हवे? चष्मा पुसून आम्ही तेथेच बैठक मारली.

माथ्यावर भला मोठा मथळा स्कायलॅबचा. नव्या पिढीसाठी सांगितले पाहिजे की, ही अमेरिकेने मे १९७३ मध्ये अंतराळात सोडलेली प्रयोगशाळा, वजन सुमारे ७७ टन. पृथ्वीभोवती फिरता फिरता ती खाली घसरू लागली आणि नेमकी कोठे कोसळेल, हे तिच्या मालकांनाही सांगता येईना. एवढी मोठी पृथ्वी सोडून ती आमच्याच वसतिगृहाच्या पत्र्यांवर पडणार, याविषयी पाचवी ते सातवीच्या मुलांत मात्र मुळीच मतभेद नव्हता.

११ तारखेची रात्र आम्ही मोठ्या तयारीने काढली. एका मित्राने आईने महिनाभरासाठी बांधून दिलेले शेंगदाण्याचे लाडू एकाच बैठकीत संपवले. दुसऱ्याने कंपासपेटीचे मृत्युपत्र केले. वारस म्हणून नेमला तो शेजारच्या सतरंजीवरचा, म्हणजे त्याच्याबरोबरच मरणारा! गणिताचा गृहपाठ कोणीच केला नाही. दोन दिवसांपूर्वी आषाढ पौर्णिमा होऊन वर्षावास सुरू झाला होता. संध्याकाळच्या वंदनेनंतर आम्ही भन्तेजींना धीर करून विचारले, "भन्ते, ती आपल्यावर पडेल का?" ते शांतपणे म्हणाले, "जे वर गेले ते खाली येणारच. झोपा आता." याने आमची झोप पुरती उडाली. स्वयंपाकाच्या मावशी तेवढ्या ठाम होत्या. त्या म्हणाल्या, "ती पडू न्हाईतर राहू, पाचला पीठ मळावंच लागंल. वाचलेल्यांनी खायाचं काय?"

सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांत कळले : रात्रीच ती कोसळली, काही तुकडे हिंदी महासागरात, काही पश्चिम ऑस्ट्रेलियात. कोणालाही इजा नाही. आम्ही टाळ्या पिटल्या. पहिल्याच तासाला गणिताच्या सरांनी गृहपाठ मागितला, तेव्हा ती इकडे पडती तर बरे झाले असते, असे अनेकांना वाटून गेले.

दुपारच्या एस.टी.ने जिल्ह्याचे वर्तमानपत्र आले. त्यात स्कायलॅब अजून पडायचीच होती! शेजारीच दुसरा मथळा होता : यशवंतराव चव्हाणांनी मोरारजी देसाईंच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव आणल्याचा. एक कोठे पडेल ते अमेरिकेला ठाऊक नव्हते, दुसरे केव्हा पडेल ते दिल्लीला. मोरारजींनी १५ जुलैला राजीनामा दिला. आपण जिवंत राहिलो याचा पुरावा म्हणून आम्ही ते वर्तमानपत्र मागून घेतले आणि कणकेच्या खळीने पेटीत चिकटवले. पहिले पान झाकणाला, आतले पान तळाला.

पुढे वाचनात आले की, ऑस्ट्रेलियातील एस्परन्स येथील स्थानिक प्रशासनाने उघड्यावर कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेच्या अंतराळ संस्थेला ४०० डॉलरचा दंड ठोठावला होता. या बातमीवर आम्ही वर्गात आजवर अनेकदा मुलांना हसवले आहे.

परवा मात्र हसता हसता थांबलो. ही पेटी नवी का घ्यावी लागली, ते आठवले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातील आमच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. पोचिराम कांबळे यांच्यासारख्यांचे प्राण गेले. आमचे घर जळाले. जुनी पेटी त्याच आगीत गेली. वडिलांनी नवी पेटी घेतली, मुलाला तिच्यासह येथे आणून सोडले आणि पाठ फिरवून डोळे पुसले. दिवाळीच्या सुटीत आजीला स्कायलॅबची गोष्ट रंगवून सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "वरून पडणाऱ्याचं काय भ्या, लेकरा? गेल्या साली आलं ते बांधावरून चालत आलं."

आम्ही दोन्ही पाने पुन्हा वाचली. जळालेल्या वस्त्यांविषयी, गाव सोडून गेलेल्यांविषयी, नामांतराविषयी एक ओळ नाही. इतर दिवशी छापले गेले असेल. त्या दिवशी नाही. ऑस्ट्रेलियात आकाशातून पडलेल्या पत्र्याचा दंड आकारला गेला. आमच्या घराच्या जळालेल्या पत्र्यांचा हिशेब कोणी मागितला नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' का सुरू केले, हे आम्ही एम.ए.ला पुस्तकातून शिकलो. खरे तर ते पेटीच्या तळाशीच होते. म्हणून विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो : जुने वर्तमानपत्र हाती आले, तर मथळे वाचून पोटभर हसा; मग त्यात कोण नाही, ते शोधा.

आपल्या भाषेत 'वाचणे' या एकाच शब्दात जीव राहणे आणि अक्षर उमगणे हे दोन्ही अर्थ आहेत. १२ जुलैला आम्ही पहिल्या अर्थाने वाचलो, असे समजत होतो. या शाळेने दुसऱ्या अर्थाने वाचायला शिकवले आणि त्यामुळेच पहिल्या अर्थाने खरे वाचलो. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, आमची एम.ए.ची पदवी त्यानंतरची असल्याने तिच्यावर बाबासाहेबांचे नाव आहे. ती पदवीही याच पेटीत ठेवली आहे, स्कायलॅबच्या खाली.

ही पेटी आता शाळेच्या ग्रंथालयास देत आहोत. चिकटवलेला कागद कोणी सोडवू नये, एवढीच विनंती. गणिताचा तो गृहपाठ मात्र अद्याप बाकी आहे. सरांनी क्षमा करावी.

जय भीम!