सातवा कागद

डिक्लरेशन, प्ली, रेप्लिकेशन, रिजॉइंडर, सररिजॉइंडर, रिबटर, सररिबटर. आप्पांनी कायद्याच्या कॉलेजात पाठ केलेली ही नावं मी चौथीत असताना पाढ्यांसारखी म्हणायची. वादीचा कागद पहिला, प्रतिवादीचा दुसरा, असं करत सातवा पुन्हा वादीचा. सातव्याला माझा श्वास संपायचा आणि आप्पा खुश व्हायचे.

ते साताऱ्याला वकिली करत. तिथे यातल्या एकाही नावाचं काम नव्हतं. वादीचा दावा आणि प्रतिवादीची कैफियत, एवढ्यावर आपल्याकडे भागतं. रिजॉइंडर हायकोर्टातल्या प्रतिज्ञापत्रांत मात्र टिकून आहे. ही सगळी भावंडं मूळची वावरली ती लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये. आधी तिथे वकील न्यायाधीशांपुढे तोंडीच भांडत. पुढे ते भांडण चर्मपत्रावर उतरलं. दर उत्तरागणिक वाद आक्रसत जाई, आणि एकाचं ‘हो’ दुसऱ्याच्या ‘नाही’समोर उभं ठाकलं की तो मुद्दा ज्यूरीपुढे जाई. सातव्या कागदापर्यंत क्वचितच कुणी पोचे. पण मांडणीतल्या एका चुकीने खरा दावासुद्धा बुडायचा. १८५२च्या कायद्याने हा काच सैल केला, १८७५पासून नवी पद्धत आली. लोकांचे हाल थांबले, हे चांगलंच झालं. तरी ती नावं गेली याचं मला वाईट वाटतं.

आप्पांचा जीव होता तो डिमररवर. ‘तुमची हकीकत खरी धरली, तरी कायद्याने तुम्हाला काही मिळत नाही,’ एवढं म्हणून पक्षकार तिथेच थांबायचा. शब्दच मुळी जुन्या फ्रेंचमधल्या ‘थांबणे’वरून आलेला. इंग्लंडने १८८३मध्ये तोही काढून टाकला. हे सांगताना आप्पांचा आवाज घरातलं कुणी गेल्यासारखा उतरायचा.

एक नियम मात्र तिकडचा इकडे आला आणि राहिला. समोरच्याने लिहिलेलं नाकारलं नाही, तर ते कबूल धरतात. म्हणून आप्पा कैफियत लिहिताना एकही कलम सुटू देत नसत. दाव्याच्या नकलेवर लाल पेन्सिलीने खुणा करत जात, आणि शेवटी मला खुणा मोजायला लावत.

मी मुंबईला नोकरीला लागले. शेवटच्या वर्षी त्यांचं पोस्टकार्ड आलं. अक्षर थरथरलेलं, ओळी उजवीकडे खाली उतरलेल्या. प्रकृती, पाऊस, परसातला पेरू. आणि खाली, पत्त्याच्या रेघेला टेकून: ‘तुला आता इकडची आठवण उरलेली दिसत नाही.’

रविवारी निवांत लिहू म्हटलं. तीन रविवार गेले. चौथ्याच्या आधी फोन आला.

कार्ड माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्या ओळीशी मी लाल पेन्सिलीने खूण केली आहे, आणि त्यांनीच शिकवलेल्या भाषेत खाली लिहिलं आहे: सदर मजकूर खरा नाही, तो मला मान्य व कबूल नाही.