मशीनवर शून्य

दारू पिऊन कामावर येणाऱ्याला एकच औषध, गेटबाहेर काढायचं, असं मी बरीच वर्षं मानत आलो. रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. सॉल्व्हंटचे ड्रम, डोक्यावर क्रेन, पायाशी फोर्कलिफ्ट. अशा जागी एकाची नशा दुसऱ्याच्या जिवावर बेतते, हे खरं आहे आणि आजही मी ते सोडलेलं नाही. पण या खऱ्या गोष्टीच्या आडोशाला मी एक खोटी गोष्ट जपली होती: दारुडा मुळातच लबाड असतो, त्याला धाकाशिवाय दुसरी भाषा कळत नाही. मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्समध्ये, म्हणजे कामगारांच्या सेवाशर्तींच्या नमुना नियमांत, नशेत असणं हे चोरीच्याच यादीत, गैरवर्तन म्हणून येतं. मला ती यादी पुरेशी वाटायची.

म्हणून गेट नंबर दोनवर श्वासातली दारू मोजणारं मशीन आणलं. सकाळी सातच्या शिफ्टला सगळ्यांनी फुंकायचं. एक छोटा पेग उतरायला शरीराला साधारण तासभर लागतो; चहा-कॉफीनं किंवा आंघोळीनं तो वेग वाढत नाही. त्यामुळे मध्यरात्रीपर्यंत प्यायलेले सकाळी बरोबर सापडत. कायम कामगाराला चार्जशीट मिळे, कॉन्ट्रॅक्टवाल्याचा गेटपास तिथल्या तिथे काढून घेतला जाई. आम्हा अधिकाऱ्यांच्या गाड्या मात्र गेट एकमधून आत जायच्या. डीलर मीटच्या दुसऱ्या सकाळी आमच्यातल्या कितीजणांनी त्या मशीनमध्ये फुंकून दाखवलं असतं? मला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, आणि सोयीचंही होतं.

आमचा एक क्रेन ऑपरेटर जुना पिणारा. मशीन आल्यावर एकदा सापडला, ताकीद मिळाली. मग एका सकाळी मशीनवर शून्य आलं, दुसऱ्या सकाळीही शून्य. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. त्याच दुसऱ्या दिवशी, शिफ्ट सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, तो स्टोअरपाशी कोसळला. फिट आली होती.

डॉक्टरांनी विचारलं, ‘‘दारू कधी बंद केली?’’ किती घेतली, असं नाही. मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावलं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या दाबाखाली काम करायला सरावतो. तो दाब एकदम काढला की मेंदू उसळतो. हात थरथरतात, घाम फुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. अशा माणसानं दारू सोडायची ती औषधाच्या आधारानं. मशीननं खोटं काहीच सांगितलं नव्हतं. त्या शून्यानंच तो पडला होता, आणि ते शून्य मी मागितलं होतं.

दुसरी गोष्ट मला अजून बोचते. त्याचे हात कापताहेत हे त्याच्या सोबत्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या सकाळी क्रेनवर त्याच्या जागी दुसराच चढला होता. सगळ्या शिफ्टला माहीत असलेला धोका फक्त सेफ्टी ऑफिसरला माहीत नव्हता, कारण मला सांगणं म्हणजे त्याची रोजी घालवणं. दवाखान्यात त्याची बायको म्हणाली, ‘‘साहेब, तुमच्या मशीनच्या धाकानंच सोडत होते हो.’’ ती आभार मानत होती. मला मान वर करवेना.

त्यानंतर मी जे वाचायला हवं होतं ते वाचलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ सालीच सांगितलं होतं की हा आरोग्याचा प्रश्न माना आणि नियम मॅनेजरला व कामगाराला सारखा लावा. जिथे चुकीला अजिबात जागा नाही त्या विमान वाहतुकीतही अमली पदार्थांच्या चाचणीत पहिल्यांदा सापडलेल्याला कामावरून उतरवून व्यसनमुक्तीसाठी पाठवायचं, असा नियम आहे. आणि अनिता व अनिल अवचटांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र इथून फार लांब नाही. मला ते नावानं माहीत होतं. तिथे कुणाला पाठवावं, हे सुचलं नव्हतं.

मशीन आजही आहे, पण दोन्ही गेटांवर. सापडला त्याला त्या दिवशी काम नाही, आणि चार्जशीटच्या आधी डॉक्टर. स्वतःहून सांगेल त्याला रजा, उपचार आणि नोकरीची हमी. डॉक्टर तंदुरुस्त म्हणेपर्यंत क्रेन मात्र नाही. कॉन्ट्रॅक्टच्या माणसांसाठी हे मला अजून मिळवता आलेलं नाही.

तो ऑपरेटर उपचार घेऊन परतला आणि काही महिन्यांनी पुन्हा प्यायला. त्या सकाळी गेटवर फुंकण्याआधीच माझ्या केबिनमध्ये येऊन त्यानं ते सांगितलं. जुन्या हिशोबानं हा माझा पराभवच. पण असली खबर पूर्वी मला कुणी दिली नसती. ‘‘अजून किती वेळा?’’ असं वरून विचारतात. आकडा माझ्याकडे नाही. स्वतःच्या पायानं सांगायला आलेल्या माणसाच्या चार्जशीटवर मी सही करणार नाही, एवढंच मी त्यांना लेखी कळवलं आहे.